पाचवा मेमकॅश्ड सर्व्हर जोडताच डेटाबेस का बसला?

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: बाजारभावाच्या ॲपमागे चार मेमकॅश्ड सर्व्हर (डेटाबेसची उत्तरं मेमरीत जपून ठेवणारे) होते, पाचवा जोडला आणि सकाळी सौदे सुरू होताच डेटाबेस बसला. लोड कमी व्हायचा तो वाढला कसा?

पाचव्या सर्व्हरमध्ये बिघाड नाही. मेमकॅश्डचे सर्व्हर एकमेकांना ओळखतच नाहीत. कुठली की (साठवलेल्या माहितीचं नाव) कुठे जायची ते क्लायंट ठरवतो, म्हणजे तुमचा पीएचपी कोड. पीएचपीच्या मेमकॅश्ड एक्स्टेन्शनला वेगळं काही सांगितलं नसेल, तर मोड्युला पद्धत चालते: कीचा हॅश (तिच्यावरून निघणारा ठरावीक आकडा) काढायचा, सर्व्हरच्या संख्येनं भागायचं, उरलेली बाकी हाच सर्व्हरचा नंबर. हॅश २६ असेल तर चारानं भागून बाकी २, पाचानं भागून १. ती की हलली. २३ ला दोन्हीकडे बाकी ३, म्हणून ती जागेवर राहिली. पण असे हॅश दर वीसमागे चारच. म्हणजे ८० टक्के कीज एका क्षणात नव्या पत्त्यावर गेल्या, तिथं काहीच नव्हतं, आणि ते सगळे मिस, म्हणजे मेमकॅश्डमध्ये न सापडलेल्या मागण्या, डेटाबेसवर आदळले. चाराचे आठ केले असते तर निम्म्याच हलल्या असत्या.

यावरचा उपाय १९९७ पासून आहे: एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांचं कन्सिस्टंट हॅशिंग. सर्व्हर आणि कीज एकाच वर्तुळावर मांडायच्या. की जिथं पडेल तिथून पुढं जाताना जो सर्व्हर पहिला भेटेल, तो तिचा. एका सर्व्हरला एकच बिंदू दिला तर वाटणी फार असमान होते, म्हणून केटामा या कन्सिस्टंट हॅशिंगच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला साधारण १६० बिंदू देतात. मग पाचवा आला तरी सुमारे २० टक्केच कीज हलतात, आणि त्याही फक्त पाचव्याकडे.

एक्स्टेन्शनमध्ये लिबकेटामा कम्पॅटिबल हा पर्याय चालू करा, पण भरदिवसा नको. हा बदलही एकदा बहुतेक कीज हलवतोच. आधी पाचवा काढा, रात्री चारच सर्व्हरवर केटामा लावा. काही तास कोडमध्ये दोन क्लायंट ठेवा: नव्या पद्धतीनं मिस झाला तर जुन्या पद्धतीनं विचारायचं, मिळालं की नव्या जागी लिहायचं, आणि डिलीट मात्र दोन्हीकडे करायचं. मिस कमी झाले की पाचवा जोडा.

सर्व्हरची यादी सगळीकडे अक्षरशः सारखी हवी. वर्तुळावरचे बिंदू सर्व्हरच्या नावावरून निघतात. वेबच्या कोडमध्ये आयपी आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये होस्टनेम असेल तर दोघांची वर्तुळं वेगळी होतात. क्रॉन एका सर्व्हरवर नवा भाव लिहितो, वेब दुसऱ्यावरचा शिळा दाखवतो, आणि एररही येत नाही. नेटवर्क तुटून परत जोडल्या गेलेल्या सर्व्हरमध्येही असाच शिळा माल असतो; आत घेण्याआधी त्यावर सगळं पुसणारी फ्लश-ऑल कमांड चालवा.

तुमच्या कीज मराठीत आहेत, तिथं जास्त जपा. हॅश अक्षरांचा नाही, बाइट्सचा निघतो. 'सोयाबीन' दिसायला चार अक्षरं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट; कीची मर्यादा २५० बाइट, आणि मधे स्पेस चालत नाही. 'शेतकऱ्यां' मधला ऱ्य कुणी ऱ वापरून टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर वापरून. डोळ्याला एकच, हॅश दोन, म्हणून सर्व्हरही दोन असू शकतात. युनिकोड नॉर्मलायझेशननंही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) हे दोन प्रकार एक होत नाहीत. बाजार आणि शेतमालाला आकडी कोड द्या आणि की त्यावरूनच बनवा.

मेमकॅश्डऐवजी रेडिस क्लस्टर घ्यावं का, हेही विचारलं आहे. त्यात १६३८४ स्लॉट (कीज ठेवायचे कप्पे) ठरलेले असतात आणि ते नोडमध्ये, म्हणजे त्यातल्या सर्व्हरमध्ये, वाटलेले असतात. चुकीच्या नोडकडे गेलात तर तो 'मूव्हड' म्हणून बरोबर पत्ता देतो. चाराचे पाच करताना प्रत्येक नोड साधारण ८१९ स्लॉट डेटासकट देतो, म्हणून हलवल्यामुळे मिस होत नाहीत. पण फक्त या अडचणीसाठी बदलायची गरज नाही.

शिवाय सकाळी सगळे एकच सोयाबीनची की मागतात. ती एकाच सर्व्हरवर असणार, वर्तुळ कितीही चांगलं असो. तेवढी की वेब सर्व्हरच्याच मेमरीत पाच सेकंद ठेवा. आणि भावाची मुदत संपली की सगळ्यांनी डेटाबेसकडे धावू नये म्हणून ॲड कमांडनं (की आधीच नसेल तरच ती लिहिते) दहा सेकंदांची लॉक-की टाका. ती ज्याची पडेल त्यानंच भाव आणायचा, बाकीच्यांनी जुना दाखवायचा. त्यासाठी मूळ कीची मुदत भावाच्या मुदतीपेक्षा मिनिटभर जास्त ठेवा.