लो-कार्ब सुरू केलंय, चौथ्या दिवशीच गळून गेल्यासारखं होतंय. नक्की खायचं काय?

कर्बोदकं कमी करायची म्हणून पोळी-भात बंद केल्यापासून डोकं जड आहे, अंगात त्राण नाही आणि दुपारी चार वाजले की हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो, असं तुम्ही लिहिलंय. आधी मीच एक विचारते: मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर आजच डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी तेवढीच ठेवून कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

गोळ्या नसतील तर डोकं जड होण्याचं कारण बहुतेक मीठ-पाण्यात आहे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत जातं, तसं त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. १ ग्रॅम ग्लायकोजेनमागे साधारण ३ ग्रॅम पाणी. सोबत लघवीवाटे सोडियमही जातं. जेवणानंतर मोठा पेलाभर ताक घ्या, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून. मीठ कमी करायला सांगितलेलं असेल तर मात्र विचारूनच.

आता खाण्याचं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आलं तेव्हा मीही असंच सुरू केलं होतं. ताटातल्या दोन पोळ्या काढल्या, भाजी मात्र पूर्वीइतकीच, डावभर. चौथ्या दिवशी भर मंडईत चक्कर आली. आपल्याकडे भाजी तोंडी लावायला असते, पोट भरतं ते पोळीनं. पोळी काढली की पोट भाजीनंच भरावं लागतं, आणि तेवढी शिजवावी लागते. मेथीची जुडी निवडून कढईत टाकली की काठोकाठ भरते, पाच मिनिटांत तळाला बसते. त्यात पूर्वी आम्हा चौघांचं भागायचं. आता माझी एकटीची एक जुडी असते: दोन चमचे तेलात लालसर लसूण, वरून मूठभर दाण्याचं कूट. भरल्या वांग्यांत गूळ घालत नाही, कूट-खोबरं वाढवते आणि एकाऐवजी चार वांगी वाढून घेते. तेलाला घाबरू नका. पोळीही काढली आणि तेलही काढलं, तर अंगात त्राण येणार कुठून?

जोडीला प्रथिनं हवीतच. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं असतात, कर्बोदकं जेमतेम १ ग्रॅम. पनीर चालतं. बांगडा रव्यात न घोळवता नुसतं तिखट, मीठ, हळद लावून तव्यावर टाका, छान होतो. वरणाची एक वाटी घ्या, पण ती कर्बोदकांच्या हिशोबात धरा.

पोळीऐवजी भाकरी खाऊन फारसं काही साधत नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च, वरीही त्याच वाटेची. चतुर्थीला मी दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर घट्ट दही घेते.

चारची भूक बहुतेक दुपारी कमी जेवल्याची असते. तोवर मूठभर भाजलेले शेंगदाणे जवळ ठेवा. आणि सगळं एका दिवसात तोडू नका. पहिले पंधरा दिवस मी रात्रीची एक पोळी ठेवली होती.

अंडी-मासे चालतात का तेवढं कळवा, त्याप्रमाणे आठवड्याचा बेत लिहून देते.