शिंपले ‘गोळा’ करायचे की ‘वेचायचे’?

चोपड्याहून एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: मुलांना तापीकाठी न्यायचंय, पत्रकात ‘शिंपले गोळा करून ओळखा’ असं लिहिलंय. शिंपला म्हणजे आतला जीव की नुसतं कवच? आणि त्याऐवजी ‘कालवं’ लिहिलं तर?

कालवं नकोत. ती खाऱ्या पाण्यातली, खडकाला चिकटून बसणारी. आपल्या नदीतला तो शिंपलाच. कुणी शिंप, शिंपीही म्हणतं. (कपडे शिवणाऱ्या शिंप्याशी तिचं नातं नाही. तो ‘शिल्पी’वरून आला असं मानतात, ही प्राकृतातल्या ‘सिप्पी’वरून.)

अडचण पहिल्या प्रश्नातच आहे. मराठीत शिंपला म्हणजे जीवही आणि कवचही. गोगलगाय वेगळी, तिचा शंख वेगळा. इथे तशी सोय नाही. मग ‘गोळा करा’ म्हटलं की पोरं वाळूत रुतलेले जिवंत शिंपले उपटणार, ‘ओळखा’ म्हटलं की नखं घालून उघडणार. दोन्ही झडपा आतून स्नायूंनी धरलेल्या असतात. जोर लावला की ते फाटतात आणि जीव जातो.

म्हणून ‘वेचा’ लिहा. कपाशीचं बोंड आपसूक उमललं की आपण कापूस वेचतो, मिटल्या बोंडाला कुणी हात घालत नाही. खानदेशातल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

शिवाय नाव सांगतो तो रिकामा शिंपलाच. मी गिरणेच्या वाळूत वेचलेला एक समोर आहे: बोटभर लांब, पातळ, बाहेरून काळपट तपकिरी, आत मोतिया झाक आणि बिजागरीपाशी (दोन्ही झडपा जोडलेल्या असतात तिथे) कवचाचेच लांब पट्टीसारखे दात. याचं शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स. लॅटिनमधल्या ‘पातळ पट्टी’ आणि ‘दात’ या शब्दांचंच ते नाव. आखूड, गोलसर, जाड आणि बिजागरीजवळच्या उंचवट्यावर सुरकुत्या असतील तर बहुधा परेशिया.

जिवंताचे दात दिसत नाहीत, तेव्हा बाहेरचा आकार आणि उंचवटा पाहायचा, फोटो काढायचा, आणि उंचवट्याकडचं आखूड टोक खाली करून होता तिथेच रुतवायचा. पाय त्या टोकाने निघतो. वर राहिलेल्या टोकाने पाणी आत-बाहेर करतो. पाण्यात त्याची फट किंचित उघडी असते, म्हणून उघडा दिसला की रिकामा असं समजू नये. ‘जित्तं शे का?’ असं कुणी विचारलं तर हलकेच बोट लावून बघा, मिटला तर जिवंत.

आणि हो, पत्रकात ‘बंद शिंपला’ नको, ‘मिटलेला’ लिहा. बंद म्हटलं की पोरं उघडायला बघतात.