आयपीएल आफ्रिकेला का गेली होती?

प्रश्न: 2009 ची आयपीएल साऊथ आफ्रिकेला का नेलेली? आणि मॅचेस तिकडं असून टीव्हीवर आपल्याच टायमाला कशा दिसायच्या? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अहो, निवडणूक! लोकसभेचं मतदान 16 एप्रिल ते 13 मे, त्यात 26/11 होऊन काही महिनेच झालेले आणि मार्चमध्ये लाहोरला श्रीलंकेच्या टीमवर हल्ला झाला, मग एवढे पोलीस आणि निमलष्करी दल आणायचं कुठनं? सरकार म्हणालं पुढं ढकला, पण बोर्ड काय ऐकतंय, टीव्हीचे पैसे अडकलेले ना. इंग्लंडचाही विचार झाला, पण तिथला एप्रिल म्हणजे गारठा आणि पाऊस. मग 18 एप्रिलला केपटाऊनला सुरू, 59 मॅचेस ठरलेल्या.

टायमाचं म्हणाल तर त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे आपल्या रात्री आठच्या मॅचला तिकडं दुपारचे साडेचारच वाजलेले, प्रेक्षक बिचारे ऑफिसातच असणार. सगळं आपल्या जेवणाच्या टायमाला बसवलेलं, हे मला तरी जरा अतीच वाटलं.

पिच मात्र भारी होत्या. पहिल्याच दिवशी कुंबळेनं 5 रनात 5 विकेट काढल्या की राजस्थानच्या!

प्रश्न: परत कधी गेली का बाहेर?

उत्तर: 2014 ला पहिल्या 20 मॅचेस यूएईत, कारण तेच, निवडणूक. मुंबई तिथल्या पाचही हरली. 2020 ला कोरोनामुळं अख्खी सीझन तिकडंच, तेव्हा मात्र कप मुंबईचाच.