झाड पाणी ‘शोषते’ की ‘ओढते’?

सातवीतल्या एका विद्यार्थ्याने निबंधात ‘झाड मुळांतून पाणी ओढते’ असे लिहिले होते. शिक्षकांनी ‘ओढते’ खोडून तेथे ‘शोषते’ केले. ‘ऊस पाणी फार ओढतो’ असे घरात सर्रास बोलले जात असताना हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा ठरतो काय, अशी त्याच्या पालकांची विचारणा आहे. माझ्या मते तो चुकीचा नाहीच; उलट जलवाहिन्यांत, म्हणजे मुळांपासून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांत, जे घडते त्यासाठी मराठीत याहून नेमके क्रियापद सापडणे कठीण आहे.

‘शोषणे’ हे ‘शुष्’ म्हणजे सुकणे या धातूकडून आले आहे. घशाला शोष पडतो तो त्याच अर्थाने. टिपकागद शाई शोषतो, तापलेली जमीन पहिला पाऊस शोषून घेते, तेव्हा बारीक फटींमध्ये पाणी केशाकर्षणाने शिरत असते. मुळांवरच्या सूक्ष्म केसांपाशी मातीतले पाणी तर्षणाने, म्हणजे पातळ पडद्यातून जास्त दाट द्रावणाकडे झिरपत, पेशींत शिरते, तेथेही हे क्रियापद शोभते. अडचण येते ती त्यापुढे. जलवाहिनीची पोकळी 40 मायक्रोमीटर रुंद धरली, तर केशाकर्षणाने तिच्यातले पाणी जेमतेम पाऊण मीटर चढेल. माड मात्र वीस मीटरांच्याही वर जातो आणि कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच रेडवुड वृक्ष सुमारे 116 मीटर आहे. एवढी उंची नुसत्या शोषण्याने गाठता येत नाही.

हे काम पाने करतात. पानांच्या आत पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते आणि ती पर्णरंध्रांतून बाहेर पडते; यालाच आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. गेलेल्या पाण्याची जागा घेण्यासाठी मागचे पाणी खेचले जाते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ती ओढ पानाच्या शिरेतून, देठातून, खोडातून थेट मुळापर्यंत अखंड पोहोचते. आडातून पाणी शेंदताना वर हात चालतो आणि खाली पोहरा हलतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे दोरही पाण्याचाच असतो. डब्लिनमध्ये हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली या शास्त्रज्ञांनी 1894-95 च्या सुमारास ही उपपत्ती मांडली. उंच झाडांच्या जलवाहिन्यांत हा ताण वातावरणाच्या दाबाच्या दहा ते वीस पट भरतो. कडक दुष्काळात ताण फार वाढला की वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो, दोर तुटतो आणि ती वाहिनी निकामी होते.

शिक्षकांच्या मनात शंका येण्याचे एक कारण मला समजू शकते. आपण नळीने सरबत ओढतो किंवा पंप विहिरीतले पाणी ओढतो असे म्हणतो, तेव्हा खरे पाहता बाहेरची हवा पाण्याला वर ढकलत असते. म्हणूनच असा पंप समुद्रसपाटीलाही सुमारे 10.3 मीटरांपेक्षा खोल पाणी उचलू शकत नाही. त्या वाक्यांत ‘ओढणे’ हा शब्द सैल वापरलेला आहे. झाडाच्या बाबतीत मात्र तो अक्षरशः खरा आहे, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

‘मुळे पाणी वर ढकलतात’ हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही, पण त्याचे क्षेत्र लहान आहे. रात्री बाष्पोच्छ्वास मंदावतो, मुळांतला दाब थोडा वाढतो आणि पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी टपोरा थेंब जमतो. पुष्कळ जण त्याला दव समजतात. वास्तविक तो पानाच्या आतून बाहेर आलेला असतो. तेथे ‘ढकलणे’ योग्यच आहे. भर दुपारी उंच झाडाच्या शेंड्याला पाणी पुरवणे या दाबाच्या आवाक्यातले नाही. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदनांनी रस चढवतात, असे जगदीशचंद्र बोस यांचे मत होते आणि 1923 मध्ये त्यांनी ते ग्रंथरूपाने सविस्तर मांडले. ते पुढे टिकले नाही. त्याआधीच, 1890 च्या दशकाच्या आरंभी, वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी कापलेल्या झाडांची बुडे मोरचुदाच्या द्रावणात ठेवून पाहिली होती. खोडातल्या पेशी त्या विषाने मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले. पूर्ण वाढलेली जलवाहिनी मुळात मृत पेशींचीच बनलेली असते. लिग्निनने, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याने, कडक झालेल्या तिच्या भिंती एवढ्या ताणाखाली आत दबत नाहीत.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर श्रावणात तेरडा उपटावा, मुळे धुवावीत आणि त्याला लाल शाई घातलेल्या पाण्यात उभे करावे. त्याचे खोड इतके पारदर्शक असते की लाल रेघा वर सरकताना दिसतात. दुसऱ्या तेरड्याची सगळी पाने खुडून तोही तसाच ठेवला तर त्याच्या रेघा रेंगाळतात, कारण त्याला ओढणारेच कोणी उरलेले नसते. विद्यार्थ्याच्या वाक्यात सुधारणाच करायची तर ‘पाने मुळांतून पाणी ओढतात’ अशी करावी.

अन्नद्रव्यांसाठी मात्र ‘ओढणे’ वापरू नये. नायट्रेट, पालाश यांचे क्षार मुळांच्या पेशी निवडून आणि ऊर्जा खर्चून आत ‘घेतात’; त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून शेतकरी वाफशाची, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत हवा खेळू लागण्याची, वाट पाहतो. साचलेल्या पाण्यात उभे पीक पिवळे पडते आणि कधी माना टाकते, ते याच कारणाने. एकदा जलवाहिनीत आल्यावर ते क्षार पाण्याबरोबर ‘वाहून जातात’. त्यांतल्या कॅल्शियमला तर जवळजवळ हाच एक मार्ग आहे, त्यामुळे ज्या अवयवातून वाफ जास्त जाते तिकडे ते जास्त पोहोचते. टोमॅटोच्या फळातून वाफ फारच थोडी जाते. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या की पाने हिरवीगार राहतात आणि कॅल्शियम न पोहोचल्याने फळाचे बूड मात्र काळे पडते.