घरी पेरिटोनियल डायलिसिस करणारा पेशंट बॅगा चुकवतोय का, हे रिपोर्टवरून कळतं का?

एका रिपोर्टवरून नाही कळत. पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पीडी, यात बॅगेतलं पाणी नळीने पोटात भरायचं, काही तास ठेवायचं आणि काढून टाकायचं, तेवढ्यात पोटाच्या पडद्यातून रक्त साफ होतं. आणि नुसता के टी व्हीचा आकडा (आठवड्याभरात रक्ताची किती सफाई झाली ते सांगणारा) पुढे करून कोणी "पेशंट घरी बॅगा करत नाहीये" म्हणालं तर त्याला आधी एवढंच विचारा, की या आकड्यात पोटाचा भाग किती आणि लघवीचा किती. तुम्ही लिहिलंय की वडील एकटे राहतात, सीएपीडीच्या (हाताने करायच्या पीडीच्या) रोज चार बॅगा स्वतः करतात, या वेळी के टी व्ही १.४ आला आणि सेंटरमधून "बॅगा चुकतायत का बघा" असा फोन आला, तेव्हापासून तुम्हाला शंका येतेय. हे वाचून मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण हाच फोन आमच्या घरी आला होता, फक्त आमच्याकडे संशय पेशंटवर नाही, माझ्यावर आला.

सासूबाईंचं पीडी मी करायचे. त्यांना डायबिटीसमुळे नीट दिसायचं नाही, हात कापायचे, त्यामुळे ट्रान्सफर सेटला (पोटातल्या नळीच्या बाहेरच्या टोकाला) बॅग जोडणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. दोन लिटरच्या तीन बॅगा रोज, लघवी बऱ्यापैकी होत होती म्हणून डॉक्टरांनी तीनवरच ठेवलेलं. मास्क, हात धुणं, पंखा बंद, दार बंद, निघालेलं पाणी काट्यावर तोलून वहीत लिहायचं, हे सगळं मी केलं आणि एकदाही पेरिटोनायटिस (पोटाच्या पडद्याचा संसर्ग) होऊ दिला नाही, हे मी अभिमानाने सांगते. पहिल्या तपासणीत के टी व्ही १.९ होता. नंतरच्या एका तपासणीत तो १.५ वर आला, त्याच सुमारास पायांवर सूज, वजन वाढलेलं, बीपी वर. कोऑर्डिनेटरचा फोन आला, "घरी सगळे एक्सचेंज, म्हणजे बॅगा, होतात ना?" फोन स्पीकरवर होता आणि नणंद शेजारी बसलेली. फोन ठेवायच्या आत नणंदेनी मला विचारलं, "वहिनी, दुपारची बॅग रोज होते ना गं?"

मग त्यांनी खोके मोजले. आलेले किती, संपायला हवे होते किती, आणि उरलेल्या बॅगा हिशेबापेक्षा जास्त निघाल्या. झालं, गुन्हा सिद्ध. नवरा काही बोलला नाही, ते मला आजही खुपतं. खरं तर मधे सासूबाई छातीत पाणी झाल्यामुळे ॲडमिट होत्या आणि त्या दिवसांत बॅगा हॉस्पिटलच्या वापरल्या गेल्या, घरच्या तशाच राहिल्या, हे मी सांगत होते पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. वही दाखवली तर "वहीत काय, काहीही लिहिता येतं" असं उत्तर मिळालं.

सुटका झाली ती नेफ्रॉलॉजिस्टनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तेव्हा. आधीच्या १.९ मध्ये पोटातून १.४ आणि लघवीतून ०.५ होते. नंतरच्या १.५ मध्ये पोटातून १.४ आणि लघवीतून ०.१. म्हणजे बॅगांचं काम जसंच्या तसं होतं, किडनीचं उरलेलं काम संपत आलं होतं. डॉक्टरांनी चौथी बॅग वाढवली, पाणी काढायला एक बॅग जास्त ताकदीची दिली, आणि सूजही उतरली. हे आकडे फोन करण्याआधी सेंटरमध्येच कोणी वाचले असते तर आमच्या घरात जे झालं ते झालं नसतं. सासूबाईंची लघवी का कमी झाली याबद्दलही सांगते, त्या काळात गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांना न विचारता, आणि त्या मी आणलेल्या नव्हत्या. उरलेल्या किडनीला या गोळ्या वाईट, हे पीडीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगतात. आजारानेही लघवी हळूहळू कमी होतच जाते, डॉक्टरांनी गोळ्यांवर ठामपणे बोट ठेवलं नाही, तेवढं मला मान्य आहे.

लघवी किती महत्त्वाची आहे ते बघा. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पीडी पेशंटच्या कॅनुसा अभ्यासाचे आकडे २००१ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा रोजची प्रत्येक २५० मिली जास्त लघवी मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी असण्याशी जोडलेली दिसली, पोटातून होणाऱ्या सफाईचं तसं नातं दिसलं नाही. आणि लोक मात्र दुपारची बॅग झाली का यावर माणसाचा खरेखोटेपणा ठरवतात.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांची लघवी आता किती होते आणि सहा महिन्यांपूर्वी किती होती हे आधी विचारा. के टी व्हीच्या चोवीस तासांच्या तपासणीला त्यांनी सगळ्या बॅगांचं पाणी नेलं होतं का, की एखादी बॅग घरीच राहिली, लघवीचा डबा अर्धवट भरला का, कारण एक बॅग हिशेबात नसली की आकडा पडतो. पोट साफ होतं का? बद्धकोष्ठतेत पाणी नीट निघत नाही, कॅथेटर (पोटातली नळी) जागचा सरकतो, ते एक्स-रेत दिसतं. पीईटी टेस्ट (पोटाचा पडदा कसं काम करतो ते बघणारी) कधी झाली होती, पोटाचा पडदाही काळानुसार बदलतो. हे सगळं बाजूला काढल्यावरच बॅगा चुकल्याचा विचार करायचा.

बॅगा मोजणं ही पद्धत वाईट नाही, उलट घरी जाऊन साठा मोजणं हे चोवीस तासांच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतं, कारण तपासणी एकाच दिवसाची असते आणि त्या दिवशी सगळेच शहाण्यासारखे वागतात. पण मोजायचं तर नीट मोजा. सुरुवातीचा साठा, मधे आलेला माल, शेवटचा साठा, त्यातून ॲडमिट असलेले दिवस, फुटलेल्या बॅगा, डॉक्टरांनी सांगितलेल्या जास्तीच्या बॅगा हे सगळं वजा-अधिक करून, आणि एका महिन्यावर न थांबता दोन-तीन महिने. रिकामी बॅग म्हणजे बॅग पोटात गेली असं नाही, पाणी सिंकमध्येही ओतता येतं. वहीत बघायचं तर निघालेल्या पाण्याचं वजन बघा, खऱ्या वहीत ते रोज थोडं इकडेतिकडे होतं, महिनाभर एकच आकडा दिसला तर मात्र शंका घ्या. रक्तातल्या क्रिएटिनीन या टाकाऊ पदार्थाचाही एक हिशेब करतात, म्हणजे एरवी चुकवणारा पेशंट तपासणीच्या दिवशी नीट करतो तेव्हा साठलेलं क्रिएटिनीन अपेक्षेपेक्षा जास्त निघतं, पण त्यात स्नायू, वजन, लघवी इतक्या गोष्टी मिसळतात की एकट्या त्यावर कोणाला खोटं ठरवू नये. वडील रात्री आपोआप बॅगा करणाऱ्या मशीनवर असते तर मशीनच्या मेमरीत सगळं दिसलं असतं, किती वेळ चालली, कुठे मधेच बंद केली. हाताने करणाऱ्यांना ती सोय नाही.

आणि चारही बॅगा वापरल्या तरी उपचार नीट झाला असं नसतं. कोणी दोन तासांतच पाणी काढतं, कोणाला पोट तटतं म्हणून भरण्याआधीच थोडं सोडून देतं, कोणी २.५ टक्के साखरेच्या बॅगेच्या जागी कमी ताकदीची १.५ ची लावतं. खोक्यांच्या नुसत्या एकूण आकड्यात हे दिसत नाही. ते वडील स्वतःच सांगतील, जर तुम्ही "बॅगा चुकवता का" असं न विचारता "चारपैकी कोणती सगळ्यात त्रासाची जाते" असं विचारलंत तर. घरातली दुसरी माणसं गोळा करून विचारू नका, विशेषतः ज्यांनी स्वतः एकही बॅग जोडलेली नाही त्यांना त्या बोलण्यात अजिबात आणू नका.

हो, काही पेशंट खरंच चुकवतात, भरपूर चुकवतात, मी सगळ्यांची बाजू घेत नाहीये. वडिलांनी तसं कबूल केलं तर रागावू नका, ते डॉक्टरांना सांगा. रात्रीची मशीन, बॅगांच्या वेळा बदलणं, किंवा लघवी चांगली असेल तर एक कमी करणं, यातलं काहीतरी जमतं, पण ते डॉक्टर ठरवतील, मी डॉक्टर नाही. आणि निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखायला लागलं तर खोके मोजत बसू नका, ती बॅग न फेकता सोबत घ्या आणि त्याच दिवशी सेंटरला जा.