जुनं ठेवायचं की बदलायचं? इंजिन खोलल्यावरचे तीन प्रश्न

प्रश्न : माझ्या दहा चाकी टाटा ट्रकला कमिन्सचं 6बीटी 5.9 इंजिन आहे. ऑइल खातंय, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत धूर येतो. एक मिस्त्री म्हणतात, फक्त रिंगा आणि बेअरिंग टाका. दुसरे म्हणतात, बोअर करून (सिलिंडर आतून थोडे मोठे कापून) पिस्टनसकट सगळं नवं घाला. खर्चात मोठा फरक आहे. कोणाचं ऐकावं? (एक ट्रकमालक, सांगली जिल्हा)

उत्तर : माप न घेता सांगितलं असेल तर दोघांचंही ऐकू नका. बोअर डायल (सिलिंडरचा आतला व्यास मोजणारं गेज) आणि मायक्रोमीटर घेऊन अर्धा दिवस मोजलं की प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो.

या इंजिनाला लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवलेली सुटी बदलता येणारी नळी, नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या भिंतीवर चालतो. त्यामुळे लायनर-पिस्टनचा किट आणून बसवला आणि गाडी रस्त्यावर, असं इथे होत नाही. बोअर करायचा तर ब्लॉक लेथवाल्याकडे जाणार आणि पिस्टन 0.50 किंवा 1.00 मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) घ्यावे लागणार. म्हणून आहे तो बोअर (सिलिंडरचं भोक) वाचत असेल तर वाचवावा. पण तो खरंच वाचतोय का, हे बघायला हवं.

नव्या बोअरचं माप 102 मिमी. घासून तो 102.116 च्या पुढे गेला, गोलाईत 0.038 मिमीपेक्षा जास्त फरक पडला किंवा वरच्या आणि खालच्या मापात 0.076 पेक्षा जास्त अंतर आलं, तर चर्चा संपली, बोअर करा. प्रत्येक सिलिंडर रिंगांच्या चालीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, दोन्ही ठिकाणी आडवा-उभा मोजा. सहातला एकच सिलिंडर बाद निघाला तर तेवढ्यालाच स्लीव्ह (आतून बसवायची नळी) बसवता येते.

समजा, एका सिलिंडरचं वरचं माप 102.09 आणि 102.06 आलं, खालचं 102.03. तिन्ही अटींत बसतो. तरी पुढचा हिशेब करा. बोअर 0.06 ने मोठा झाला की रिंगेचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) त्याच्या 3.14 पट, म्हणजे जवळपास 0.19 मिमी जास्त उघडतं. खाली 0.40 असलेली फट वर 0.59 होते. वरच्या रिंगेची फट 0.40 ते 0.70 मिमी असावी लागते, म्हणजे अजून चालेल. पण पुढच्या झिजेला फारशी जागा उरली नाही. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर रिंगांवर भागवा. रोज घाट चढून लोड ओढायचा असेल तर आत्ताच बोअर करणं शहाणपणाचं. रिंगेचं तोंड मात्र कमी झिजलेल्या जागी, म्हणजे खालीच तपासा. वर मोजून बसवलेली रिंग खाली गेल्यावर अडकू शकते.

सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकेल असा कंगोरा असेल, तर नवी रिंग त्यावर आपटून मोडते. रिंगा टाकून महिन्याभरात इंजिन परत खोलावं लागण्याचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे गुळगुळीत चकाकलेला बोअर तसाच ठेवणं. होनिंग करून (दगडाने बोअर हलकेच घासून) 15 ते 25 अंशांच्या तिरप्या रेघांची जाळी उमटवली नाही, तर रिंगा बसतच नाहीत. होनिंगनंतर ब्लॉक डिझेलने पुसून चालत नाही, त्यातली खरड रेघांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरा, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं काळं येत असेल तर परत धुवा.

पिस्टन जुना ठेवायचा तर खाचा बघा. दुसऱ्या खाचेत नवी रिंग ठेवून 0.150 मिमीपेक्षा जाड फिलर (फट मोजायची पट्टी) जात असेल तर पिस्टन बाद. वरची खाच पाचरीच्या आकाराची आहे, तिथे फिलर काही सांगत नाही. तिचं वेगळं गेज लागतं.

क्रँकचे जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग. रॉड जर्नल नवे असताना साधारण 69 मिमी, मेन 83 मिमी. रॉडचं माप 68.962 च्या किंवा मेनचं 82.962 च्या खाली गेलं, किंवा नख लागेल असा ओरखडा असला, तर ग्राइंडिंग करून 0.25 मिमी अंडरसाइज (बारीक झालेल्या जर्नलला बसणारी) बेअरिंग घ्या. ग्राइंडरवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला बजावून सांगा. तिथे धारदार कोपरा पडला की क्रँक तिथूनच तुटतो, तोही लोडवर. बेअरिंग मात्र जुनी परत घालू नका. त्यातली बचत किरकोळ, धोका अख्ख्या क्रँकचा.

आणि बोअर कशामुळे घासला, हे शोधल्याशिवाय पैसे खर्चू नका. सहाही सिलिंडर वरच्या बाजूला सारखे झिजले असतील तर धूळ आत गेली आहे. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होस आणि क्लिपा तपासा, टर्बोच्या हवा ओढणाऱ्या चाकाची पाती झिजलीत का बघा. फाटका होस तसाच राहिला तर नव्या रिंगाही त्याच वाटेने जातील.

प्रश्न : हेडचे बोल्ट दर वेळी नवेच घ्यावेत का?

उत्तर : या इंजिनात नाही. सगळे 26 बोल्ट धुऊन लांबी मोजा. ते तीन लांबीचे आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी, म्हणून मॅन्युअलमधलं माप किंवा कंपनीचं गेज घ्या. ताणलेला, मध्ये बारीक झालेला, गंजाने खड्डे पडलेला बोल्ट फेका. आटे आणि डोक्याखाली ऑइल लावूनच आवळा. कोरड्या बोल्टवर टॉर्क रेंचचा आकडा खोटा पडतो आणि मग गॅस्केट बदनाम होतं.

प्रश्न : कॅमशाफ्ट चांगला आहे. टॅपेट जुने चालतील?

उत्तर : प्रत्येक टॅपेट (कॅमवर चालून त्याची उचल व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा) आपापल्या जागी परत जाणार असेल आणि तोंडावर खड्डे नसतील, तर चालतील. काढतानाच नंबर घाला. अदलाबदल झालेला टॅपेट दुसऱ्याच लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) घासतो आणि दोघेही खराब होतात. कॅमशाफ्ट नवा घेतलात तर टॅपेटही नवेच. उलट, चांगल्या जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतात.

गिअर केस उघडी असेलच, तर ती ब्लॉकवर जागेवर धरणारी लहानशी डॉवेल पिन बघून घ्या. ती सैल होऊन बाहेर आली तर टायमिंग गिअरमध्ये जाऊन केस फोडते. तिच्यावर अडवणारी पत्र्याची पट्टी बोल्टखाली लावायला दहा मिनिटं लागतात.