बोजा असलेली (लोन न फिटलेली) बुलेट विकून डिग्रीला जावं का?

तुला अरेतुरे करतो, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

आधी तुझी परिस्थिती मला कळली तशी मांडतो, चुकलं तर सांग. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, घर शिरूरला, रांजणगाव एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेस, हातात 17,500 पडतात. 14 महिन्यांपूर्वी क्लासिक 350 काढलीस. 45,000 डाऊन पेमेंट, 1,80,000 लोन, 36 हप्ते, हप्ता 6,500. आता इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला वाघोलीकडच्या कॉलेजात नंबर लागलाय आणि फी 1,12,000 आहे. वडील म्हणतात गाडी विक, आई म्हणते पोराने हौसेने घेतलीय, राहू दे. आणि तुझा प्रश्न, गाडी विकून पहिल्या वर्षाची फी निघेल का?

नाही निघणार. तरी विक, असंच मी म्हणेन. या दोन वाक्यांचा मेळ कसा बसतो ते सांगतो. मी 8 वर्षं टू-व्हीलर फायनान्समध्ये घासली आहेत, त्यातली 3 वसुलीवर, आणि आता आरटीओची कामं करतो. म्हणजे या गोष्टीच्या दोन्ही टोकांना बसून झालंय.

तू लिहिलंयस, "91,000 भरून झाले, म्हणजे 89,000 राहिले." शोरूममधल्या पोराने पत्रकाच्या मागे पेनाने "10%" लिहून दिलं असणार. ते फ्लॅट 10 टक्के. म्हणजे पूर्ण 1,80,000 वर 3 वर्षांचं 54,000 व्याज आधीच धरायचं आणि 2,34,000 ला 36 ने भागायचं, आले 6,500. पण मुद्दल तर महिन्याला कमी होत जातं. त्या हिशेबाने तुझा खरा दर जवळपास 18 टक्के पडतो. शिवाय सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. तुझ्या 91,000 पैकी साधारण 32,000 व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं 59,000 च्या आसपास. म्हणजे आज शिल्लक 1,21,000.

त्यावर फोरक्लोजर चार्ज. दुचाकीचं लोन बहुतेक फिक्स्ड रेटचं असतं, त्यामुळे मुदतीआधी बंद करायला पैसे घेतात. तुझ्या करारात 4 टक्के असले तर 4,840 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 5,700. झाले सुमारे 1,26,700. एखादा हप्ता बाऊन्स झाला असेल तर तो दंडही त्याच कागदावर उगवतो.

आता गाडीला येतील किती? तूच लिहिलंयस की डीलर 1,45,000 म्हणतो आणि ओळखीतला एक जण 1,58,000 पर्यंत येतोय. म्हणजे हातात उरणार 18,000 ते 31,000. एवढ्यात फी सोड, होस्टेलचं डिपॉझिटही जेमतेम निघेल. तुझ्या वडिलांच्या डोक्यात बहुधा "दीड लाखाची गाडी, फी भरून उरतील" असं आहे. त्यांना हा हिशेब वहीवर मांडून दाखव, नाहीतर गाडी विकल्यावर घरात नवीन वाद उभा राहील.

मग विकायची कशाला? पुढच्या 22 हप्त्यांसाठी. 22 गुणिले 6,500 म्हणजे 1,43,000. आज तू 17,500 मधून ते काढतोयस, पण रेगुलर कॉलेज सुरू झालं की पगार बंद. मग हप्ता कोण भरणार? तू "पार्टटाइम काहीतरी बघेन" असं लिहिलंयस. अरे, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या पोरांची पहिली सेमिस्टर एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) घासण्यातच जाते, डिप्लोमाचं गणित तिथे पुरत नाही. वसुलीवर असताना मी अशा बऱ्याच पोरांच्या दारात गेलोय. 4 हप्ते नीट, पाचवा बाऊन्स, सहावा वडिलांच्या पेन्शनमधून, आणि मग गाडी फायनान्सवाल्याच्या यार्डात, म्हणजे जप्त. यार्डातून लिलावात गेलेल्या गाडीला बाजारभाव येत नाही, कमी पडलेली रक्कम पुन्हा तुझ्याच नावावर निघते. वर सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) खराब. उद्या एज्युकेशन लोन मागायला गेलास की बँकवाला सगळ्यात आधी तेच उघडणार.

"पण कॉलेजला जायला गाडी लागेल" हेही तू म्हणतोस. शिरूर ते वाघोली जाऊन येऊन 100 किलोमीटरच्या घरात. क्लासिकला 35 चं अ‍ॅव्हरेज धर, रोज 3 लिटर. पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे महिन्याला 7,000 च्या वर नुसतं पेट्रोल, हप्त्यापेक्षा जास्त. एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात होतो. नगर रोडला शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत एसटीही अडकते आणि बुलेटही, पण एसटीत निदान बसून वाचता येतं. वेळेला लागलीच गाडी तर पुढे 25,000-30,000 ची जुनी स्प्लेंडर रोख घे. मित्र हसतील 2 दिवस.

आता फीचं. अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आहे की कॉलेज लेव्हलला (कॉलेजने स्वतः भरलेली सीट), हे तू लिहिलेलं नाहीस आणि सगळं त्यावरच अडलंय. कॅपमधून असेल, तू ओपनमध्ये असशील आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल (तू 3 लाख म्हणतोस), तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ट्यूशन फीच्या 50 टक्के मिळतात. डेव्हलपमेंट वगैरे वेगळं. ओबीसी, एससी, भटके-विमुक्त यांच्या योजना वेगळ्या आहेत, सगळे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आजच सेतूत टाक. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते आणि "सर्व्हर डाऊन" हे वाक्य दिवसाला 50 वेळा ऐकायला मिळतं. काही कॉलेजं आधी पूर्ण फी मागतात आणि शासनाचे पैसे आल्यावर परत देतात, तेव्हा अ‍ॅडमिशनलाच अकाउंट्सच्या खिडकीवर स्पष्ट विचार. कॉलेज लेव्हलची सीट असेल तर ही शिष्यवृत्ती विसर आणि मला आधी कळव, सल्ला बदलेल.

उरलेल्यासाठी एज्युकेशन लोन. 4 लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत आणि मार्जिनही (आपल्या खिशातून घालायचा वाटा) नाही, वडील सहकर्जदार लागतात. परतफेड कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मान्यताप्राप्त असेल, तर त्या काळातल्या व्याजावर केंद्राची सबसिडीही आहे. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज कर, पण शाखेत जाऊन साहेबाला तोंड दाखव. नुसत्या ऑनलाइन अर्जावर धूळ बसते. 18 टक्क्यांची गाडी सांभाळण्यासाठी फीचे पैसे नातेवाइकांकडे मागण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता तो ओळखीतला 1,58,000 वाला. तू लिहिलंयस की तो "आत्ता 30,000 घे, नोटरी करू, राहिलेले हप्ते मी भरतो" म्हणतोय. इथे मी आवाज चढवून सांगतो, हे करू नकोस.

2009 साली मी हेच केलं होतं. स्प्लेंडर होती, 11 हप्ते बाकी. शेजारच्या गावातला माणूस, लग्नाकार्यात भेटणारा. 100 रुपयांच्या स्टॅम्पवर सगळं लिहिलं, 2 साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, मला वाटलं झालं काम. त्याने 3 हप्ते भरले आणि नंबर बदलला. चौथ्या महिन्यात वसुलीची 2 माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. शिव्या नाहीत, काही नाही, नुसती बसली, चहा मागितला. आख्खी आळी बघत होती. वडील आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. शेवटी मी सेटलमेंट केली आणि सिबिलला "सेटल्ड" हा शेरा लागला, जो घराचं लोन काढताना 6 वर्षांनी पुन्हा समोर आला. हसू नकोस, या धंद्यात मी त्यानंतर शिरलो.

आणि हप्ते हा तर छोटा भाग. आरसीवर तुझं नाव असेपर्यंत गाडी तुझीच. त्या माणसाने कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुलाच धरतात. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलंय: गाडी पुढे कितीही हात फिरली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तो. स्टॅम्प आता 500 चा झालाय, त्याने काही फरक पडत नाही. शिवाय बोजा असताना फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी नावावर होतच नाही.

सरळ रस्ता असा. ब्रँचला जाऊन फोरक्लोजर लेटर माग. त्यावर तारीख असते, त्या तारखेपर्यंतच तो आकडा चालतो, पुढे रोजचं व्याज चढतं. चुलते किंवा गावातली पतसंस्था 15-20 दिवसांसाठी रक्कम देत असतील तर उत्तम: लोन बंद कर, एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) च्या 2 प्रती घे, एचपी म्हणजे आरसीवरची बोजाची नोंद उतरव, मग कोऱ्या आरसीवर विक. बोजा उतरलेल्या गाडीला गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. एनओसीची मुदत बहुधा 90 दिवस असते, कपाटात ठेवून देऊ नकोस.

तेवढे पैसे उभे होत नसतील तर डीलर किंवा गिऱ्हाईकाला थेट तुझ्या लोन खात्यात भरायला लाव, पावती तुझ्या नावाची घे आणि फरक तुझ्या खात्यात. त्या 1,58,000 वाल्याला हेच सांग. खरा असेल तर तयार होईल.

मग गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, चालू इन्शुरन्स, पीयूसी. ई-चलान आधी भरून टाक, त्यावरून काम अडतं. गाडी देताना ओडोमीटरचा फोटो आणि तारीख-वेळ टाकलेली डिलिव्हरी नोट, त्याच्या सहीची. आणि एमपरिवहन अ‍ॅपवर मालक म्हणून त्याचं नाव दिसेपर्यंत 5,000-10,000 मागे ठेवायला तो म्हणाला तर नाही म्हण. पैसे त्याच्याकडे राहिले तर घाई फक्त तुला. त्याला घाई हवी असेल तर दुसरी चावी ट्रान्सफर होईपर्यंत तुझ्याकडे ठेव.

सोमवारी ब्रँच उघडली की लेटर घे. चार्ज धरून 1,26,700 च्या आसपास आकडा यायला हवा. 1,30,000 च्या वर दाखवत असतील तर सही करू नकोस, स्टेटमेंट माग आणि मला ओळीवार सांग. कुठे काय घुसवलंय ते बघू.